भोंग्यावरची साय

मला नोकरीवर घेताना नानांनी माझी गुणपत्रिका उघडूनसुद्धा पाहिली नाही. टेबलावरची पेंडीची पिशवी बाजूला सारून त्यांनी पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला, "तुमच्या घरी पहिलं ताट कुणाला वाढतेत?"

मी गडबडले. चौसाळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत फॅट काढायला, म्हणजे मशीनवर मोजायला, माणूस हवं होतं. लॅक्टोमीटर म्हणजे काय, दुधात पाणी कसं ओळखायचं, सगळं घोकून आले होते. ताटाचं काही घोकलं नव्हतं.

"आजोबांना," मी म्हणाले.

"मग?"

"आण्णांना, माझ्या वडलांना. मग भावाला."

"मग तुला."

"नाही. मी आईबरोबर जेवते."

"आन आई कुणाबरोबर जेवती?"

आई माझ्याबरोबर, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण डोळ्यांसमोर आलं ते असं, की मी जेवत असते तेव्हा आई चुलीशी असते, आणि मी हात धुते तेव्हाही ती चुलीशीच असते. नाना खुर्चीतून उठलेच!

"बस्स! ही पोरगी चालंल. हिला खोटं बोलता येत न्हाई. फॅटच्या मशीनवर आसलंच माणूस पायजे!"

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए टेस्टर!" अशीच हाक. आणि मीही त्यांना सचिव किंवा साहेब म्हटलं नाही. सारा गाव नाना म्हणायचा, मीही नाना म्हणायला लागले.

काय माणूस होता! बारा महिने तेरा काळ अंगात चॉकलेटी सफारी. बीडच्या उन्हात लोक बनियनवर बसायचे तेव्हाही सफारीचं वरचं बटण लावलेलं. दुधाच्या संस्थेचा सचिव, पण चहा कोरा प्यायचा. म्हशींशी अहोजाहो बोलायचा. एखादी म्हैस रस्ता अडवून बसली, की नाना दोन्ही हात जोडून म्हणायचे, "बाई, जरा सरकता का?" आणि म्हैस सरकायची, हे मी स्वतः पाहिलंय. माणसांशी मात्र एकेरी. चेअरमनशीसुद्धा. चेअरमन त्यांच्याच शाळेतले, एका बाकावरचे, त्यामुळे "काय बे चेअरमन" असं भर सभेत व्हायचं. चेअरमनच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांना ते सहन करावं लागायचं.

आणि नाना कविता करायचे.

तशी कविता आमच्याकडे कुणी करत नाही असं नव्हतं. शाळेतले एक तरुण सर करायचे. एकदा ते आपली कविता घेऊन संस्थेत आले. आईवर होती. आई म्हणजे चंद्र, आई म्हणजे सावली, आई म्हणजे नदी. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मला म्हणाले, "टेस्टर, चंद्राला फॅट किती लागतंय बघ." सर बिचारे लाल झाले. मग नानांनी त्यांना जवळ बसवलं, कोरा चहा पाजला आणि म्हणाले, "तुझी आई काय करती सकाळी उठल्यावर? ते लिव ना. तिला नदी कावून करतोस? आधीच लई ओझं हाय तिच्यावर, वरून उपमा कशाला चढवतोस?"

स्वतः नाना लिहायचे ते फक्त आपल्या घरचं. आपलं लहानपण, आपली आई, आपला बाप, आपली बहीण. नावं बदललेली नाहीत, काही झाकलेलं नाही. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं फाडायची, कोऱ्या बाजूला लिहायचं, आणि दूध घालायला येणाऱ्यांची रांग लागली की माईकचं बटण दाबायचं.

कारण संस्थेच्या पत्र्यावर भोंगा होता. तो घेतला होता लोकांना सांगायला, की पेंड आलीय, डॉक्टर येणार आहेत, टँकर उशिरा येईल. नाना ते सांगायचेच. पण सांगून झालं की घसा खाकरायचे, आणि त्याच सुरात, जशी पेंड आलीय तशीच, कविता यायची.

"सरकीची पेंड आलेली हाय. ज्यांनी नाव दिलंय त्यांनी घेऊन जावी. आता कविता.

म्हैस मेली तवा मी रडलो.
आबा म्हणाले, पोरी रडतेत.
मी डोळे पुसले.
मग आक्का माझ्या वाटचं रडली."

रांगेतल्या बायका हातातली भांडी घेऊन जागच्या जागी थांबायच्या. माझा मशीनवरचा हात थांबायचा. कविता अशी असते, इतकी छोटी, इतकी आपल्या घरात घडल्यासारखी, हे मला माहीतच नव्हतं! घरी जाऊन मी आईला, भावाला, आण्णांना निराळ्याच डोळ्यांनी बघायला लागले. कोण कुणाच्या वाटचं रडतंय, हे शोधायला लागले.

पुरुषमंडळींना मात्र हे रुचत नव्हतं. समोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसून ते म्हणायचे, "ह्यो माणूस घरातलं धुणं हायवेवर धुतोय." चेअरमन एकदा मुद्दाम येऊन सांगून गेले. "नाना, पेंडीचं सांग, डॉक्टरचं सांग. घरातल्या आया-बहिणींचं कावून काढतोस रोज?"

"मी माझ्या घरचं काढतोय बे. तुझ्या का पोटात दुखतंय?"

"तुझ्या घरचं ऐकून माझी बायको माझ्याकडं बघती!" चेअरमन म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळून घाईघाईनं गाडीत बसले.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. कपिलधारचा धबधबा, जो आम्ही लहानपणापासून पाहत आलो, तिथं नुसती काळी कोरडी कातळभिंत राहिली होती. दूध निम्म्यावर आलं होतं. संस्थेच्या मोकळ्या जागेत जनावरांची छावणी पडली होती. गावातली कर्ती माणसं मिळेल त्या कामाला गेलेली, कुणी कारखान्यावर, कुणी पुण्याकडं. छावणीत जनावरांमागे बायकाच. शेण त्यांनी काढायचं, पाण्याच्या टँकरमागे त्यांनी धावायचं, धार त्यांनी काढायची आणि रांगेत येऊन उभं राहायचं. मी फॅट काढून नाव विचारलं की नाव मात्र नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिराचं सांगायच्या. सभासद तेच ना.

अशा त्या दिवसांत एका सकाळी नानांनी भोंग्यावर 'साय' वाचली. ती मला अजून पाठ आहे.

"दुधावर साय धरायची
आन माझ्या भाकरीवर यायची.
आक्काच्या भाकरीवर मीठ.
मी खायचो, आक्का बघायची.
आई म्हणायची, बघू नको गं,
नजर लागंल त्याला.
मग आक्का भिंतीकडं तोंड करून जेवायची.
आबा जेवून हात धुवायला उठलेले असायचे."

रांगेतल्या एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला आणि तिचं पातेलं कलंडता कलंडता राहिलं. नाना खूश झाले. इतके खूश, की त्यांनी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली.

आता हे आबा, म्हणजे नानांचे वडील, हयात होते! नानांच्याच घरी राहायचे. नव्वदीला टेकलेले, पण ताठ, डोक्याला पटका, हातात काठी. कान तिखट. संस्था काढणाऱ्या पहिल्या माणसांतले ते एक. त्यांनी पहिल्या दिवशी कविता ऐकली आणि गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी ऐकली आणि धोतराची घडी पिशवीत घालून घरातून बाहेर पडले. कुठे गेले? तर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, लेकीकडं. आक्काकडं!

इथं खरा पेच झाला. कारण आबा जुन्या वळणाचे. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. मुलाच्या घरी परत जायचं नाही, कारण मुलानं भोंग्यावरून अब्रू काढली. आणि लेकीच्या घरी जेवायचं नाही, कारण ती लेक. सदऱ्याच्या खिशात शेंगदाणे आणि गूळ घेऊन ते तिच्या ओसरीवर बसून राहिले.

आम्हाला हे कळलं ते आक्का आली तेव्हा.

सकाळचं संकलन आटपत आलं होतं. नानांनी टँकरची वेळ सांगितली, माईक टेबलावर ठेवला, आणि नेहमीप्रमाणे बटण बंद करायचं विसरले. ही त्यांची जुनी खोड. त्यामुळे पेंडवाल्याशी झालेली त्यांची भांडणं साऱ्या गावाला तोंडपाठ होती. तेवढ्यात दारातून एक उंच, काळीसावळी, साठीची बाई कासोटा घट्ट खोचून आत आली. हातातली दुधाची किटली तिनं टेबलावर अशी आदळली, की माझ्या मशीनवरच्या बाटल्या वाजल्या.

"कुठाय त्यो कवी?"

नाना उभे राहिले. आपल्या मोठ्या बहिणीसमोर ते एकदम शाळकरी दिसायला लागले. "आक्का, बस की."

"बसायला आले न्हाई! आबा माझ्या वसरीवर शेंगदाणे खात बसलाय. भाकर घेत न्हाई. लेकीचं खात न्हाई म्हणतोय, आन लेकाचं नाव काढू देत न्हाई. नव्वद वर्षांचं माणूस हाय ते, उद्या काय झालं तर? काय लिवलंस तू?"

"खरं लिवलं," नाना म्हणाले. आवाज बारीक होता, पण म्हणाले. "तुझ्यासाठीच लिवलं आक्का. तुझ्यावर अन्याव झाला, मी साय खाल्ली, तू भिंतीकडं तोंड करून..."

आक्का हसायला लागली. रागातच हसायला लागली. "आरं येड्या! मी भिंतीकडं तोंड कावून करत होते, माहीत हाय का तुला? माझ्या तोंडात साय आसायची! दूध मीच तापवत होते ना? तू शाळेतून येईपर्यंत निम्मी साय मी खाल्लेली आसायची. आईला दिसू नये म्हणून भिंतीकडं तोंड!"

बाहेर रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. आणि तेव्हा मला कळलं, की आक्काचा आवाज दोनदा येतोय. एकदा समोरून, एकदा पत्र्यावरून. मी नानांना खूण केली, माईककडे बोट दाखवलं. पण नानांचं लक्ष कुठलं! ते तोंड उघडं टाकून बहिणीकडं बघत होते.

"तू... चोरून खात होतीस?"

"मंग? तू मला बिच्चारी करून ठिवलंस साऱ्या गावात. लोक मला बघून च्च च्च करतेत. मी बिच्चारी न्हवते! आन दुसरं ऐक. एकदा आबानं पकडलं मला. ओठाला साय लागलेली होती. मला वाटलं आता पाठ फोडतोय. त्यानं पटक्याचा लोंबता शेव घेतला, माझं तोंड पुसलं, आन म्हणाला, आईला सांगू नको."

नाना खाली बसले. खुर्ची मागे होती म्हणून बरं.

"आबानं? तोंड पुसलं?"

"पुसलं. आन त्याच आबानं मला चौथीतून काढलं. तुझं दप्तर घ्यायचं म्हणून माझं दप्तर खुंटीला लावलं. मी म्हणले, पाचवीचं पुस्तक तरी बघू द्या. न्हाई म्हणाला. तेबी खरं हाय. म्हस मेली तवा तू डोळे पुसलेस, तुझ्या वाटचं मी रडले, तेबी खरं हाय. पर तू निम्मंच लिवतोस. तुला दिसलं तेवढंच लिवतोस. मला इचारलंस का कधी?"

"न्हाई," नाना म्हणाले.

"आईवर लिवतोस, आई सगळ्यांच्या मागून जेवायची म्हणून. मला एक सांग, तुझी बायको कधी जेवती?"

भोंग्यातून नुसती घरघर. नानांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, सफारीच्या बटणाला हात लावला. आणि त्याच क्षणी छावणीतून, जनावरांमधून, टँकरच्या रांगेतून एकदम बायकांचा हसण्याचा जो गलका उठला! आक्कानं दचकून बाहेर पाहिलं, मग पत्र्याकडं पाहिलं, मग माईककडं पाहिलं.

"ह्ये चालू हाय?"

"चालू हाय," नाना म्हणाले.

"साऱ्या गावानं ऐकलं?"

"वस्तीपर्यंत जातो आवाज."

आक्कानं कपाळावर हात मारला. पण मी तिच्याकडं बघत होते. तिला वाईट वाटलेलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला, आणि माईककडे वाकून म्हणाली, "आसू दे. ऐकलं ते बरं झालं."

वस्तीपर्यंत आवाज जात होता, म्हणजे आबांनीही ऐकलं होतं.

आम्ही कॅन धुवत होतो तेव्हा ते आले. उन्हातून, काठी टेकत, एकटे. छावणीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. चेअरमनही बातमी ऐकून गाडीतून आले होते, ते बाजूला सरकले. आता म्हातारा काय करतो, काठी उगारतो का, की लेकाला शाप देतो?

आबा लेकीसमोर येऊन थांबले. मग म्हणाले, "कोन मागून जेवत होतं आन कोन भिंतीकडं बघत होतं, मला न्हाई माहीत. मी मान खाली घालून जेवायचो. ताटात काय हाय तेवढं बघायचो. मान वर करून कधी बघितलंच न्हाई." मग नानांकडं वळले. "तुझं तोंड पुसलं न्हाई मी. पुसायला पायजे होतं. पोरगा म्हणून न्हाई पुसलं."

नाना त्यांच्या पायाशी वाकायला गेले, तर आबांनी काठीनं अडवलं. "ऱ्हाऊ दे. भूक लागलीय. आक्के, चल तुझ्या घरी. तुझ्या घरचं खातो."

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहायला लागलो. लेकीच्या घरचं! आबा!

"पर एक सांगतो," आबा म्हणाले, "तू माझ्यासंगं बसून जेवायचं. माझ्यासमोर."

आणि आक्का काय म्हणाली असेल? एवढा मोठा क्षण, सारी छावणी डोळे पुसायच्या तयारीत!

"मी कवाच जेवले, आबा," आक्का म्हणाली. "तुमी खाईनात म्हणून मी का उपाशी ऱ्हाऊ?"

चेअरमनसुद्धा हसले. पोट धरून हसले.

नानांनी मला बरोबर ओढलं. "चल टेस्टर, तू साक्षीला." आक्काच्या ओसरीवर आबा मांडी घालून बसले. बाजरीची भाकरी, तिखट आमटी, कांदा. आबा मान वर करून जेवले. एक घास घ्यायचे आणि समोर बसलेल्या आक्काकडं बघायचे, दुसरा घास घ्यायचे आणि दारात उभ्या असलेल्या आक्काच्या सुनेकडं बघायचे, मग नानांकडं, मग माझ्याकडंही. नवं काही शिकताना लहान मूल कसं हळूहळू करतं, तसं. त्यांना वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही.

परत येताना कोरड्या ओढ्यातून चालताना नाना एकदम थांबले. "टेस्टर," ते म्हणाले, "मला साय मिळाली, आन तिला आबा मिळाले. मला पन्नाशीत कळलं बघ." त्यांनी तळव्यानं डोळे दाबले, आणि मला म्हणावंसं वाटलं की रडा नाना, इथं कुणी नाही. पण ते आपले आपणच रडायला लागले. मोठ्यानं. कुणी त्यांच्या वाटचं रडायची गरज पडली नाही.

त्या आठवड्यात नानांच्या घरी वेगळंच सुरू झालं. त्यांनी ठरवलं, आता बायकोबरोबरच जेवायचं. तिचं ताट वाढल्याशिवाय आपण हात लावायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकू, नानांच्या पत्नी, माझ्याकडं आल्या, दूध द्यायचं निमित्त करून. "पोरी, त्यांना सांग जरा. समोर बसून माझे घास बघत बसतेत. एक भाकर जास्ती घेतली तर म्हणतेत, घ्या, लाजू नका. मला घास गिळंना झालाय!" मी नानांना सांगितलं. त्यांनी गंभीरपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं, मी आजपासून भिंतीकडं बघून जेवतो."

'साय' त्यांनी बदलली. तिचा शेवट आता असा झाला होता:

"आक्का भिंतीकडं तोंड करून जेवायची.
तिच्या तोंडात माझ्याआधी साय होती,
तिच्या ओठावर आबांच्या पटक्याचा शेव होता.
माझे ओठ कोरडेच.
मग आबांनी आक्काचं दप्तर खुंटीला लावलं.
त्याच हातानं."

ही नवी कविता भोंग्यावर येण्याआधीच संस्थेची सर्वसाधारण सभा आली. छावणीतच मांडव घातला होता. पुरुष सतरंजीवर, बायका मांडवाबाहेर जनावरांजवळ उभ्या. कामाला गेलेली बरीच माणसं सभेसाठी आली होती. चेअरमननं पेंडीचं, टँकरचं सांगितलं, आणि मग म्हणाले, "शेवटचा इषय भोंग्याचा. ही संस्था दुधाची हाय, रडायची न्हाई. भोंगा काढून टाकावा, असं आपल्या लोकांचं म्हणणं हाय." बाकड्यावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. नाना सफारीत ताठ बसून होते. त्यांचा सगळा जीव त्या भोंग्यात होता, हे मला माहीत होतं.

तेव्हा आबा उठले. "भोंग्याचं नंतर बघू. आधी माझं ऐका. माझा सभासदाचा शेअर हाय. त्यो माझ्या लेकीच्या नावावर करा. म्हस ती सांभाळती, धार ती काढती, नाव जावयाचं लागतं. आता तिच्याच नावानं दूध येऊ द्या."

कुजबुज झाली. कुणी म्हणालं, बाईला कसं. कुणी म्हणालं, नियमात बसतं का. सगळ्यांनी सचिवाकडं पाहिलं. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "बसतं. नियमात पैल्यापासून बसतं. कुणी मागितलंच न्हवतं." चेअरमननं मांडवाबाहेरच्या बायकांकडं पाहिलं. त्या पुढे सरकल्या होत्या. चेअरमननं घाम पुसला आणि म्हणाले, "मंजूर."

आक्का आत आली आणि सतरंजीवर बसली. पुरुषांच्या मधोमध, पाय दुमडून. मग म्हणाली, "आता भोंग्याचं बोलते. मी सभासद हाय ना?"

"बोला," चेअरमन म्हणाले.

"भोंगा काढायचा न्हाई. आमाला ऐकायचंय." बाहेरून बायकांचा होकार आला. नानांचा चेहरा फुलला. "पर," आक्का म्हणाली, आणि नानांचा चेहरा तसाच राहिला, "ज्याच्यावर लिवशील, त्याला आधी वाचून दाखवायचं. त्यो हो म्हणला तर भोंग्यावर. न्हाई म्हणला तर न्हाई. माझं तोंड तू माझ्याशिवाय उघडायचं न्हाई."

नानांना ते लागलं, मी पाहिलं. क्षणभर वाटलं, भांडतील. मग ते हळूच म्हणाले, "कबूल." आणि लगेच, भर सभेत, खिशातून कॅलेंडरचं पान काढून आक्काला 'साय' वाचून दाखवली. आक्कानं डोळे मिटून ऐकली. "आता बरोबर हाय," ती म्हणाली. टाळ्या वाजल्या तेव्हा म्हशीसुद्धा बिथरल्या!

पुढच्या वर्षभरात आणखी बायका सभासद झाल्या. मी फॅट काढून नाव विचारलं की त्या स्वतःचं नाव सांगायच्या, आणि पहिल्यांदा सांगताना बहुतेक जणी हसायच्या.

माझं लग्न ठरलं, मी नोकरी सोडणार होते, तेव्हा एका सकाळी नानांनी मला थांबवलं. हातात कॅलेंडरचं पान. "टेस्टर, तुझ्यावर लिवलंय. वाचून दाखवायला पायजे." मी कधीतरी बोलता बोलता त्यांना सांगितलं होतं, की माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई माहेरी गेली होती, तेव्हा आण्णा माझी वेणी घालायचे. दार लावून घालायचे, शेजारच्यांनी पाहू नये म्हणून. नानांनी त्यावरच लिहिलं होतं. बापानं दार लावलं, लेकीला पुढ्यात घेतलं, आणि नवख्या बोटांनी सैल सैल वेणी घातली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मी म्हणाले, "नाना, ही माझ्यावर नाही, आण्णांवर आहे. दार त्यांनी लावलं होतं. त्यांना विचारते."

संध्याकाळी आण्णा दावं वळत बसले होते. मी कविता वाचून दाखवली. त्यांनी हात थांबवला नाही. वळत राहिले, वळत राहिले. मला वाटलं, आता पान घेऊन चुलीत घालतात. मग म्हणाले, "सैल म्हणजे? सैल कोण म्हणालं?"

"नानांनी लिहिलंय."

"आगं, जन्मभर चऱ्हाटं वळतोय मी. माझी वेणी सैल आसंल का? त्याला म्हणावं, घट्ट लिव. मंग वाच."

दुसऱ्या दिवशी नानांनी पेंडीचं सांगितलं आणि कविता वाचली. घट्ट केली होती. मी संस्थेच्या दारात उभी होते. समोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर आण्णा बसले होते, बाकीच्या मंडळींच्या मधोमध. कविता संपली. बाकड्यावरचे सगळे आण्णांकडं वळून बघायला लागले. एकानं हसून विचारलं, "खरंच घालायचा का बे तू वेणी?"

आण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. हायवेवरून ट्रक जात होता, तो जाऊ दिला. आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "घालायचो. दिवसभर सुटायची न्हाई."